विहिरीच्या तळाशी फुटलेला नारळ

सर्व लहानथोरांस, आप्तेष्टांस, तसेच आपल्या पायाखालची जमीन भक्कम आहे अशा समजुतीत निवांत जेवणखाण करणाऱ्या तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खडक भरीव नसतो. त्याला भेगा असतात. त्या भेगांतून पाणी चालतं आणि वेळ आली तर त्याच भेगांतून हवाही चालते. दोघं एकाच वेळी निघाली तर काय होतं, हे मी सासरवाडीच्या शेतात, विहिरीच्या काठावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पाहिलेलं आहे. त्या वेळी माझे सासरे विहिरीच्या तळाशी होते. घोषणा समाप्त. आता ऐकायला बसा.

मी वरठीचा. सासरवाडी अड्याळच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. तिथे मला फार मान आहे आणि त्या मानाचा मला फार त्रास आहे. आमच्याकडे जावयाने सासरी काडी इकडची तिकडे करायची नसते. मी नुसतं उठायला लागलो तरी सासूबाई विचारतात, "काय पायजे जवाईबापू?" काही नको असतं. नुसते पाय मोकळे करायचे असतात. पण सासरवाडीत जावयाचे पायसुद्धा सासऱ्यांच्या ताब्यात असतात.

तर त्या वर्षी चैत्रात मेव्हण्याने बोअर मारायचं ठरवलं. शेतातली जुनी विहीर उन्हाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यावर येऊ लागली होती. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, म्हणणं वेगळं होतं. विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली. तिच्यातला गाळ काढा, तिचा झरा मोकळा करा, ती पुन्हा पाणी देईल. मेव्हण्याचं म्हणणं, गाळ काढायला माणसं मिळत नाहीत, मशीन मात्र एका फोनवर येते. वाद हिवाळाभर चालला. शेवटी मामाजी नमले, पण एका अटीवर.

"जुन्या पान्याले इचारल्याबिगर नवं पानी काढाचं नाई," ते म्हणाले. "मी खाली उतरतो, झऱ्याची पूजा करतो, नारळ फोडतो. मंगच तुमची मशीन चालू करा."

"बाबा, वरतूनच फोडा ना नारळ. खाली फेकून द्या," मेव्हणा म्हणाला.

"तुह्या सासऱ्याच्या घरी गेला तं आंगनातूनच हाका मारून वापस येते का तू? का आत जाते?"

मेव्हण्याने अट मान्य केली. त्याला सासरी रात्रीच्या जेवणाशिवाय सोडत नाहीत हे गावाला ठाऊक.

तेव्हा नारळ दोन आले. हे दोन नारळ नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यांनीच घातला. एक विहिरीचा. तो मामाजींनी तळाशी फोडायचा. दुसरा मशीनचा. तो सासूबाईंनी मशीनपुढे फोडायचा, पण मामाजी वर आल्यावर. मशीनवाला दक्षिणेकडचा, आपल्या गाडीबरोबर गावोगाव फिरणारा. त्याचाही नियम कडक होता. नारळ फुटल्याशिवाय तो कुठेही हातोडा जमिनीला लावत नसे. "नारियल फूटा तो काम चालू," एवढं त्याने आल्याआल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. म्हणजे दोन्ही पक्ष भाविक, दोन्ही पक्ष शिस्तीचे. एकमेकांना दोन नारळांचा हिशेब सांगायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. आपल्या घरची रीत जगाला ठाऊकच असते, असं प्रत्येक घराला वाटतं.

मशीन विहिरीपासून दोन बांध्या पलीकडे उभी होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं धानाचं शेत. मध्ये वाळलेली धसकटं आणि उन्हाने भेगाळलेली माती. विहिरीजवळ एक मोहाचं झाड, त्याच्या सावलीत माझी खुर्ची, हातात लिंबाचं सरबत. मामाजींनी अंगातली बंडी काढून माझ्याकडे दिली. हे काम जावयाला चालत असावं.

विहीर गोल. वरचा अर्धा भाग दगडांनी बांधलेला, खालचा नुसता खोदलेला खडक. चाकावरून दोर सोडला, दोराला लाकडी पाट बांधला, पाटावर मामाजी बसले. मेव्हणा आणि शेजारचे काका दोर सोडू लागले. मी उगीच हात पुढे केला तर काका ओरडले, "राहू द्या जवाई! जवायाच्या हाती दोर देल्ला तं गावात तोंड दाखवाले जागा राहाची नाई!"

या काकांचं तोंड म्हणजे एक संस्थाच. ते हिवाळ्यात दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, राजाचं काम करतात आणि त्यांचा आवाज माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जातो. माईक बंद पडण्याची ते वाटच पाहत असतात असं लोक म्हणतात.

मामाजी तळाला टेकले. पाटावरून उतरले. खालून त्यांचा आवाज घुमत आला, "गाळ गंज साचला रे! पिंडरीवरी पाय जाते!" मी वाकून पाहिलं. काठापासून ते अगदी लहान दिसत होते. खडकाला एका बाजूला आडवी भेग होती. ती खाली गाळात शिरत गेली होती. तोच झरा. मामाजींनी भेगेच्या वरच्या टोकाला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि भेगेशेजारच्या दगडावर नारळ आपटला.

विहिरीत आवाज कसा होतो माहीत आहे ना? तो नारळ नव्हता, तोफ होती. काकांना राहवलं नाही. त्यांनी दोन्ही हात वर करून, राज्याभिषेकाच्या आवाजात, दोन बांध्या पलीकडे वर्दी दिली:

"नारळ फुटलाऽऽऽ!"

मशीनवाल्याला मराठी फारसं येत नव्हतं. पण नारळ म्हणजे काय आणि फुटला म्हणजे काय, एवढं व्यवसायापुरतं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने हात कपाळाला लावून नमस्कार केला आणि मशीन सुरू केली.

सासूबाई मशीनपुढे आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात दुसरा नारळ अखंड. त्या काहीतरी बोलल्याही असतील. पण त्या मशीनच्या आवाजात देवालाही स्वतःचं ऐकू आलं नसतं. क्षणभरात पांढऱ्या धुळीचा खांब उभा राहिला आणि सासूबाई, ताट, नारळ, सगळं त्यात नाहीसं झालं.

आता ज्याने बोअर मारताना पाहिलेलं नाही असा माणूस मी आमच्या भागात पाहिलेला नाही. ती मशीन सुरू झाली की शिवारातले लोक हातातलं काम टाकून येतात. मेव्हण्याचे आणि काकांचे पाय लगेच तिकडे वळले.

"अरे, बाबा खाली आहेत," मी म्हणालो.

"त्याइची पूजा बाकी आहे ना अजून. आरती, प्रदक्षिणा, सारं करतीन थे. पाच मिंटात आलो भाऊजी, ध्यान ठेवा," मेव्हणा म्हणाला. त्याने दोराला मोहाच्या खोडाभोवती वेढा दिला आणि मोबाईल काढून चित्रण करत करतच तो पळाला. काका त्याच्या पुढे.

मग उरलो मी, खुर्ची आणि सरबत.

"कोनं सुरू केली रे मशीन?" खालून आवाज आला.

"मामाजी, चूक झाली! पाटावर बसा, मी कुणाला तरी बोलावतो!"

"थांबा! पूजा अर्धी टाकून येऊ का? सांगा त्याइले, बंद करा म्हनावं!"

मी तिकडे पाहिलं. धुळीचा खांब, भोवती गर्दी. मी मेव्हण्याला फोन लावला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. नंतर कळलं की फोन आला की चित्रण थांबत होतं, म्हणून तो माझ्यावर चिडत होता.

खाली अजून काहीच घडलं नव्हतं. मामाजी उदबत्ती ओवाळत होते. मशीनचा थरथराट मात्र खुर्चीच्या पायांतून माझ्या पाठीत येत होता. धुळीचा रंग पांढऱ्यावरून राखाडी झाला. मग ओली माती उडू लागली. गर्दीतून आरोळी उठली. तिकडे ओल लागली होती.

त्याच सुमाराला मामाजींच्या पायाजवळचं पाणी शहारलं.

मला आधी वाटलं, मला भास होतोय. मग भेगेतून एक बुडबुडा आला. नुसता एक, लिंबाएवढा. फूल हललं आणि तरंगत निघालं. मामाजी खाली वाकून पाहू लागले.

"जवाई! झरा बोलून राहिला!"

केवढा आनंद त्यांच्या आवाजात! जुन्या पाण्याने उत्तर दिलं होतं. पुन्हा बुडबुडा, मग पाण्याची चूळ, मग हवेचा मोठा ढेकर, पुन्हा चूळ. भेग अक्षरशः धापा टाकत होती. मामाजींनी हात जोडले. मी मात्र सरबत खाली ठेवलं. कारण माझं लक्ष धापांकडे नव्हतं, त्यांच्या पायांकडे होतं. पिंडऱ्या दिसत नव्हत्या. गुडघेही दिसत नव्हते.

काय होत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या साहेबांना मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा उलगडलं. मशीन खाली नुसता हातोडा मारत नाही, ती दाबून हवा सोडते. त्या हवेनेच भुकटी वर येते. पण खाली हातोडा एखाद्या भेगेत उतरला की हवेला दुसरी वाट सापडते. ही भेग दोन बांध्या पलीकडून थेट आमच्या विहिरीत येत होती. भेगेत आधीच पाणी. अरुंद धुऱ्यावर समोरासमोर आलेले दोघं असतात ना, तसं. जिथे वाट रुंद, तिथून हवा आधी घुसते. जिथे वाट केसाएवढी, तिथे पाणी चिकटून बसतं, हलत नाही. मध्येच पाण्याचं बूच बसतं, मागे हवा साचते, दाब वाढतो आणि बूच उडतं. म्हणून ते सरळ वाहत नाही, धापा टाकतं.

आणि ती हवा गाळाखालून आली की गाळाचा कण न् कण उचलून धरते. घट्ट बसलेला गाळ पेजेसारखा पातळ होतो. पेजेवर माणूस उभा राहत नाही.

"मामाजी, पाय काढा!"

"निघत नाई ना!"

तो 'निघत नाई' मी विसरणार नाही. त्यात आनंद नव्हता.

मी दोर धरून ओढला. नुसता पाट वर आला, लोंबकळला. मामाजी त्याच्यापर्यंत हात पोचवू शकत नव्हते. मी तो परत खाली सोडला. पाणी आता मांडीपर्यंत. भेग गुरगुरत राखाडी पाणी ओकत होती. वरच्या बांधकामातून एक दगड सुटला, खडकावर आपटून बाजूला पडला. मामाजींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी प्रथमच पाहिली.

"काखेखालून दोर बांधा! पाट सोडा! काखेखालून!"

त्यांनी बांधला. गाठ शेतकऱ्याची होती. मी सगळं बळ लावून दोर ताणला आणि खोडाला आणखी वेढे देऊन आवळला. आता ते वर येणार नव्हते, पण आणखी खालीही जाणार नव्हते. निदान मला तसं वाटत होतं. एकट्याने ओढून काढण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं. मामाजी अंगाने दांडगे, आणि मी वर्षानुवर्षं सासरी खुर्चीवर बसलेला जावई.

दोराजवळ थांबावं की पळावं? थांबलो तर ते माझ्या डोळ्यांसमोर राहणार, पण हवा सुरूच राहणार. पळालो तर इथे कोणीच नाही.

"मामाजी, मी येतोच!"

"जवाई, जाऊ नका!"

मी गेलो.

नव्या चपला पहिल्या धुऱ्यावरच सुटल्या. धसकटं तळव्यात शिरत होती. पलीकडे बोअरमधून पाण्याचा फेसाळ फवारा उडाला होता, सगळे जण चिंब आणि राखाडी झाले होते आणि नाचत होते. मी दोन्ही हात हलवत, उड्या मारत, "बंद करा, बंद करा" असं ओरडत त्यांच्यात शिरलो. लोकांना काय दिसलं असेल? ज्याने आजवर सासरी खुर्ची सोडली नाही तो जावई, पाणी लागल्याच्या आनंदात, अनवाणी नाचत आला. काकांनी मला मिठीच मारली. त्यांनी माझे हात धरले आणि मला गोल फिरवलं! मी त्यांच्या कानात ओरडलो, त्यांनी माझ्या कानात ओरडून जय म्हटलं. मेव्हणा माझं चित्रण करत होता. ते चित्रण आजही आहे. लग्नकार्यात दाखवतात. मला बघवत नाही.

मी काकांना ढकललं. काका चिखलात बसले. गर्दी दचकली. मी मशीनवाल्याचा हात धरला आणि विहिरीकडे बोट दाखवलं.

"हवा बंद! आदमी अंदर है! कुएँ में आदमी!"

त्याचा चेहरा एका क्षणात उतरला. त्याने दांडा ओढला.

शांतता झाली. इतकी, की थेंब पडताना ऐकू येत होते. आणि त्या शांततेत, जमिनीतून आल्यासारखी, बारीक हाक आली.

सासूबाई सगळ्यांच्या आधी धावल्या.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा भेगेच्या धापा थांबल्या होत्या. पाणी खाली ओसरत होतं, जसं काही भेग दिलेलं परत पिऊन घेत होती. मामाजी जिवंत होते, मांडीपर्यंत गाळात, दोराला टेकलेले. मेव्हण्याने "बाबा!" अशी किंकाळी फोडली आणि सगळ्यांनी दोराला हात घातले. मला या वेळी कोणी अडवलं नाही.

"ओढा!"

दोर ताणला. मामाजी कळवळले. एक बोटही वर आले नाहीत.

"अजून ओढा!"

"थांबा! थांबा रे! मारता का?" खालून आवाज आला. "मशीन बंद काहून केली? चालू करा!"



"पाहा, पाहा," मेव्हणा रडत रडत चिडला. "जीव जाऊन राहिला तरी ह्याइले पान्याचीच पडली! बाबा, हिवाळाभर मशीन नको म्हने, आता चालू करा म्हन्ता?"

"डोक्शात गेली भीती," काका म्हणाले. प्रथमच हळू आवाजात.

"चालू करा म्हन्तो ना!"

मी काठावर पालथा पडलो. "मामाजी, नीट सांगा. काय होऊन राहिलं?"

"गाळ आवळून राहिला, जवाई! हवा येत होती तवा ढिला होता, पाय हालत होते. आता गोटा झाला. दोन्ही पाय धरले."

आता मला कळलं. पेज निवली की घट्ट होते, तसा हा गाळ हवा थांबताच खाली बसला होता, कणाला कण लागला होता. त्यांना वाचवायला मी धावत जाऊन जे बंद केलं होतं, त्यानेच त्यांचे पाय बांधले गेले होते.

मशीनवालाही काठावर येऊन वाकला. त्याने भेग पाहिली, गाळ पाहिला, दोर पाहिला. मग हाताची दोन बोटं अगदी जवळ आणून दाखवली.

"थोड़ा हवा देगा. थोड़ा. ज़्यादा नहीं."

"नाही!" मेव्हणा उसळला. "त्याच हवेनं त्याइले गाडलं! परत मशीनले हात लावला तं पाहा!"

"पर सर, ऐसे नहीं निकलेगा."

"खोदून काढू! फावडे आना रे!"

"फावडे घेऊन उतरते कोन?" काका म्हणाले. आणि कोणीच पुढे आलं नाही, कारण त्याच वेळी दुसरा दगड सुटला. तो मामाजींच्या खांद्याजवळून गेला. पाणी उडालं. मामाजींनी डोळे मिटले. मशीनच्या हादऱ्यांनी जुनं बांधकाम कुठे कुठे सैल झालं होतं कोण जाणे. फावडी येईपर्यंत किती दगड पडतील, कोण सांगणार?

सगळे बोलत होते. त्या गलक्यातून पुढे झाल्या त्या सासूबाई. माझ्यासमोर, चारचौघांत, त्या मामाजींशी कधी थेट बोलत नसत. निरोप भिंतीला सांगायचा, तो मामाजींनी ऐकायचा, अशी पद्धत. त्यांनी पदर कमरेला खोचला, काठावर गुडघे टेकले आणि थेट खाली विचारलं,

"खरंच सांगता का हो? हवा देल्ली तं निघन पाय?"

"निघन," खालून उत्तर आलं. मग थोडं थांबून, "बहुतेक."

सासूबाई उठल्या. मशीनवाल्याकडे वळल्या.

"दे हवा."

मशीनवाला धावला. त्याला आमची हाक ऐकू येणार नव्हती, म्हणून काका मधल्या धुऱ्यावर उभे राहिले. आवाज कामाचा नव्हता, फक्त हात. उजवा हात वर म्हणजे हवा, खाली म्हणजे बंद. आयुष्यभर गळ्यावर जगलेल्या माणसाला त्या दिवशी मुक्याचं काम मिळालं, आणि सांगतो, त्यांनी ते कुठल्याही राजापेक्षा चांगलं केलं.

हात वर गेला. मशीन हलकेच गुणगुणली.

विहिरीत काहीच झालं नाही.

आम्ही दोर ताणून धरला होता. मेव्हणा पुढे, मागे मी, माझ्या मागे शिवारातले आणखी काही जण.  भेग गप्प. मघाशी ओसरलेलं पाणी भेगेत परत भरलं होतं, आणि आता हवेला ते सगळं पुन्हा ढकलत यायचं होतं. कुठे अडली असेल ती? कुठल्या वळणावर पाण्याचं बूच बसलं असेल? की मधल्या वेळात एखादी दुसरीच वाट सापडून ती भलत्याच शिवारात निघून गेली असेल?

"येत नाई," मेव्हणा पुटपुटला.

"दोराकडं पाह," सासूबाई म्हणाल्या. "तोंड बंद ठेव."

मग खाली 'गुळुक्' झालं.

एवढासा आवाज. पण मामाजींच्या चेहऱ्यावर मी वरून तो पाहिला. मग दुसरा, तिसरा. पाण्याची चूळ, हवेचा ढेकर. गाळाच्या पृष्ठावर बारीक फोड येऊ लागले, फुटू लागले.

"ढिला होऊन राहिला!" मामाजी ओरडले. "डावा! डावा हालला!"

"ओढू का?"

"थांबा! उजवा अजून... थांबा... ओढा! आता ओढा!"

आम्ही ओढला. आधी वाटलं, झाडच ओढतोय. मग एकदम, चिखलातून म्हशीचा पाय निघताना येतो तसा ओंगळ आवाज आला आणि दोर आमच्या हातात सैल झाला. आम्ही सगळे मागच्या मागे एकमेकांवर पडलो. उठलो. पुन्हा ओढला. "सुटला!" सासूबाई काठावरून म्हणाल्या आणि काकांकडे हात केला. काकांचा हात खाली आला. मशीन थांबली.

चाक करकरत होतं. मामाजी वर येत होते. आधी खडकाचा भाग, मग बांधकाम. आणखी एक दगड खाली गेला, पण आता खाली कोणी नव्हतं. सासूबाई रडत होत्या, मेव्हणा रडत होता, मशीनवाला धावत आला आणि तोही डोळे पुसत होता. गावातल्या बायाही बातमी ऐकून जमल्या होत्या. काठाला गर्दीच गर्दी.

राखाडी चिखलाने माखलेलं डोकं काठाच्या वर आलं. मग खांदे. आम्ही शेवटचा हिसका द्यायला जोर लावला.

आणि मामाजींनी दोन्ही हातांनी काठाचा दगड घट्ट धरला. ते वर यायला तयार नव्हते.

"बाबा, हात सोडा! वर या!"

मान जोरजोरात हलली. नाही. आम्ही ओढत होतो, ते दगडाला बिलगत होते. बायांनी तोंडावर हात घेतले. कोणीतरी कुजबुजलं, विहिरीनं धरलं, विहीर सोडून नाई राहिली.  पायाला काही झालं असेल का? हाड मोडलं? खालचं काही पाहून माणूस भ्रमला?

"काय झालं हो?" सासूबाईंचा आवाज फाटला. "कुठं लागलं? बोला ना! काहून नाई येत वर?"

मामाजींनी चिखलाने भरलेले डोळे कसेबसे उघडले, गोळा झालेल्या सगळ्या गर्दीवरून एकदा फिरवले, आणि ओरडले,

"अरे, आधी ह्या बायाइले तिकडं तोंड कराले सांगा! माहं धोतर गाळानं ठेवून घेतलं!"